सकाळी शस्त्रक्रिया, संध्याकाळी घर: जांबोटीच्या पुढच्या गावांना हे पेलेल का?

जांबोटीकर (प्रश्न)
माझे वडील 71 वर्षांचे असून त्यांना उजव्या बाजूचा हर्निया आहे. बेळगावच्या डॉक्टरांनी जाळी बसवण्याची शस्त्रक्रिया सुचवली असून, सकाळी दाखल करून त्याच संध्याकाळी घरी पाठवू, असे सांगितले आहे. इंग्लंडसारख्या देशात बहुतेक शस्त्रक्रिया आता अशाच होतात, असेही ते म्हणाले. आमचे गाव जांबोटीच्या पुढे जंगलाच्या कडेला आहे. पावसात रस्ता बंद पडतो आणि परसात गेल्याशिवाय मोबाइलला रेंज मिळत नाही. आजोबांना याच आजारासाठी आठवडाभर दवाखान्यात ठेवले होते, त्यामुळे आई फार घाबरली आहे. तिकडे हे कसे जमले, आणि आम्ही होकार देण्यापूर्वी काय विचारावे?

निपाणीची लेक
मी इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयाच्या अशाच विभागात परिचारिका आहे. ही पद्धत नवी नाही. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जेम्स निकॉल यांनी 1909 साली, लहान मुलांवर केलेल्या आणि त्याच दिवशी घरी सोडलेल्या सुमारे 9000 शस्त्रक्रियांचा अहवाल मांडला होता. तरीही ती सर्वत्र रुजायला पाऊणशे वर्षे लागली, कारण जुन्या भुलीनंतर रुग्ण तासन् तास गुंगीत राहत असे आणि उलट्यांनी हैराण होत असे. 1980च्या दशकात प्रोपोफॉलसारखी लवकर उतरणारी औषधे आली, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांमुळे जखमा लहान झाल्या, आणि खाटा कमी व प्रतीक्षायादी लांब असल्यामुळे सरकारनेही जोर लावला. सन 2000च्या आरोग्य आराखड्यात नियोजित शस्त्रक्रियांपैकी 75 टक्के याच पद्धतीने करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले.

मात्र आम्ही कोणालाही नुसते घरी पाठवत नाही. पूर्ण भूल दिलेल्या रुग्णाजवळ पहिले 24 तास जबाबदार प्रौढ माणूस असावा लागतो, घरी फोन असावा लागतो आणि गरज पडल्यास दवाखान्यात वेळेत परतता यावे लागते. यातले काही नसेल तर रुग्णाला रात्रभर ठेवून घेतले जाते. निकॉल यांनीही परिचारिकांना मुलांच्या घरी पाठवले होते, आणि अंगावर पिणारी बाळे व त्यांच्या आयांसाठी रुग्णालयाजवळ एक लहान घर भाड्याने घेतले होते. आपल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या घरातच दिसते: बेळगावात नातेवाईक असतील तर वडिलांना दोन रात्री तिथेच ठेवावे. आकडे तिकडचे आणायचे आणि घरची शुश्रूषा मात्र सगळी सुनेवर टाकायची, हे मला मान्य नाही.

निवृत्त भूलतज्ज्ञ, टिळकवाडी
ताईंशी मी सहमत आहे. केवळ वयामुळे ही पद्धत नाकारण्याचे कारण नाही. रक्तदाब, मधुमेह, दमा आटोक्यात आहे का, हे अधिक महत्त्वाचे. भूल कोणती देणार, हे आधी विचारा. जाळीची उघडी शस्त्रक्रिया जागा बधिर करूनही करता येते आणि त्यात रुग्ण लवकर हिंडूफिरू लागतो. कण्यातून भूल दिल्यास पाय पूर्ववत होईपर्यंत आणि लघवी होईपर्यंत घरी नेऊ नका, कारण या वयात लघवी अडण्याचा त्रास अनेकांना होतो, आणि तो रात्री गावी पोहोचल्यावर लक्षात आला तर फार हाल होतात. सकाळचा पहिला क्रमांक मागा. रात्री फोन कोण उचलणार, हे कागदावर लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर राहू नका. सूचनांचा कागद कन्नड वा इंग्रजीत असेल तर तेथील परिचारिकेकडून तो मराठीत समजून घ्या. यात संकोच करू नये.

योजनेची माहिती
बीपीएल रेशनकार्ड असल्यास आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण तातडीची नसलेली शस्त्रक्रिया खाजगी दवाखान्यात करायची तर आधी सरकारी दवाखान्याचे शिफारसपत्र लागते. महाराष्ट्राने 2023 साली 865 सीमागावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जाहीर केली होती. आपला दवाखाना ती स्वीकारतो का, हे विचारल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका. खाजगी विमा असेल तर 24 तासांच्या भरतीची अट सहसा असते, पण डे-केअर, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडण्याच्या, शस्त्रक्रियांना त्यातून सहसा सूट असते.

जांबोटीकर
सर्वांचा आभारी आहे. मावशी बेळगावातल्याच वडगावात राहते. वडिलांना दोन रात्री तिच्याकडे ठेवायचे ठरले आहे. भातकापणी आटोपल्यावर शस्त्रक्रिया केली तर चालेल का?

निवृत्त भूलतज्ज्ञ, टिळकवाडी
आपल्या शल्यचिकित्सकांची संमती असेल तर चालेल, पण तोवर वडिलांना भाऱ्याला हात लावू देऊ नका. गाठ अचानक कडक झाली, आत जाईना, दुखू लागली किंवा उलट्या सुरू झाल्या तर कापणी टाकून त्याच घटकेला दवाखाना गाठा, मग रात्र असो वा पाऊस.