जपानी शाळेतला झाडू पाहून आलात, वेळापत्रक पाहिलंत का?

खडूफळा
जपानदौऱ्यावरून आलेल्या शिक्षकांच्या नावाने एक पोस्ट सगळ्या गटांत फिरतेय: 'तिथे शाळेत शिपाई नसतो, मुलंच सफाई करतात, चौथीपर्यंत परीक्षा नसते. आपल्याकडे जूनपासून सुरू करा.' तीनपैकी दोन गोष्टी चूक आहेत. पहिलीपासून घटक संपला की छापील चाचणी होते आणि सत्राअखेर प्रगतिपुस्तक घरी जातं. दुरुस्ती, झाडांची छाटणी असली कामं करणारा कर्मचारीही बहुतेक शाळांत असतो.

मुलं सफाई करतात हे खरं. पण कशी करतात, यावर पोस्टमध्ये एक ओळ नाही. सफाई वेळापत्रकातच असते, 15 ते 20 मिनिटं, बहुधा जेवणानंतर. वर्गाचे गट पाडलेले असतात आणि भिंतीवर फिरता तक्ता असतो: वर्ग कुणाकडे, जिना कुणाकडे, हात धुण्याचे नळ कुणाकडे. खुर्च्या उलट्या करून डेस्कवर ठेवायच्या, सगळी डेस्कं मागे न्यायची, पुढचा अर्धा वर्ग झाडून ओल्या फडक्याने पुसायचा. मग डेस्कं पुढे आणि मागचा अर्धा. फडकं नीट पिळलं नाही तर लाकडी जमीन निसरडी होते, वाळत घातलं नाही तर वास मारतं. एप्रिलमध्ये नव्याने आलेल्या पहिलीच्या मुलांना सहावीची मुलं मदत करतात. पाहुण्यांच्या दोन तासांच्या भेटीत यातली फक्त स्वच्छ जमीन दिसते.

आपल्या कितीतरी शाळांत बाक आणि डेस्क एकाच लोखंडी सांगाड्यात जोडलेले असतात. ते रोज मागेपुढे कोण ढकलणार? बोटं चेंगरतील.

सतरंजी
बाकांचं कारण पुढे करू नका. जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळांत पहिली-दुसरीला बाकच नसतात, बसकरपट्ट्या असतात. त्या गुंडाळल्या की पूर्ण वर्ग मोकळा. चपला आपल्याकडेही दाराबाहेरच राहतात. शहाबादी फरशीच्या सांध्यांत माती बसते, तिथे खराटा चालत नाही, केरसुणीच लागते. एवढं सांभाळलं की 15 मिनिटं पुरतात. दौऱ्यावर जाणाऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे.

निळी शाई
दोघेही मूळ प्रश्नाला बगल देताय. आपल्याकडे झाडू कुणाच्या हातात दिला जातो? दलित मुलांनाच शौचालय धुवायला लावल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या आहेत. जिथे जात मधे येत नाही तिथे मुलींनी झाडायचं आणि मुलांनी पाणी आणायचं, अशी वाटणी होते. 'मुलंच करतात' या वाक्यातली मुलं कोण, ते आधी सांगा.

सतरंजी
प्रत्येक सुधारणेच्या वाटेत हाच मुद्दा आणून ठेवायचा का?

निळी शाई
मुद्दा मी आणून ठेवलेला नाही, तो शाळेत आधीपासून बसलेला आहे! हजेरी क्रमांकाने फिरणारा तक्ता, तो पालकांना दिसेल असा दारावर आणि गुरुजींचं नावही त्यात. हे मान्य असेल तर पुढे बोलू. शौचालय त्यात नको. जपानमध्येही काही शाळांत ते काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे असतं.

वाफाळती खिचडी
सफाईवर एवढं भांडताय, पण त्या शाळेत बघण्यासारखी खरी गोष्ट जेवणाची आहे. वाढपी मुलं पांढरा डगला, टोपी आणि मास्क घालून गाडा वर्गात आणतात. शेवटच्या मुलापर्यंत पुरेल असं मापाने वाढावं लागतं. सुरुवातीला हात सैल सोडला तर शेवटी भाजी उरत नाही. कमी खाणारा जेवण सुरू होण्याआधीच थोडं काढून ठेवतो आणि शिल्लक असेल तर मागणाऱ्याला मिळतं. आठवड्याचा डगला शुक्रवारी घरी जातो, धुऊन सोमवारी परत येतो. मुख्याध्यापक मुलांच्या आधी जेवण चाखतात. 1996 मध्ये साकाई शहरात शाळेच्या जेवणातून ओ-157 जिवाणू पसरून हजारो मुलं आजारी पडली. तेव्हापासून नमुन्यांचे नियम कडक झाले: कच्च्या आणि शिजवलेल्या प्रत्येक पदार्थाचा 50 ग्रॅम नमुना उणे 20 अंशांवर दोन आठवडे ठेवतात.

खडूफळा
आणि ते सरसकट फुकट नसतं, हेही लिहा. 1954 च्या कायद्यात साहित्याचा खर्च पालकांवर टाकला आहे. अनेक नगरपालिका आता तो स्वतः उचलतात, हा भाग वेगळा.

सतरंजी
चाखण्याचा नियम आपल्याकडेही आहे. 2013 मध्ये बिहारमध्ये छपऱ्याजवळ कीटकनाशक मिसळलेल्या जेवणाने 23 मुलं गेली, त्यानंतर तो आणखी आग्रहाने सांगितला गेला. शिक्षकाने चव घेऊन नोंदवहीत लिहायचं असतं.

वाफाळती खिचडी
सही होते, चव कितीदा घेतली जाते? आपल्या शालेय पोषण आहाराचे निकष बघा. पहिली ते पाचवीला 100 ग्रॅम धान्य, 450 किलोकॅलरी, 12 ग्रॅम प्रथिनं. तिकडे आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी 650 किलोकॅलरी धरतात आणि 2005 पासून शाळांत पोषणशिक्षक हे वेगळं पद आहे. आपल्याकडे 26 ते 100 मुलांमागे दोन स्वयंपाकी-मदतनीस, केंद्राच्या निकषाने प्रत्येकी महिना 1000 रुपये मानधन, तेही वर्षातले 10 महिने. राज्य त्यात भर घालतं, तरी तेवढ्या पैशात त्या बाईंनी चूल, भांडी आणि पाणी सगळं बघायचं. शीतपेटीची गोष्ट तर सोडाच.

निळी शाई
ताई, यात तुमचं पूर्ण बरोबर आहे. आणि वाढप मुलांकडे द्यायचं तर तक्त्यासह द्या. सगळ्या जातींच्या मुलांनी एकमेकांना वाढलं तर झाडूपेक्षा जास्त बदल होईल.

सतरंजी
ठीक, वाढपापासून सुरू करा. पण सातवी-आठवीपासून, आणि गरम डाळीचं पातेलं मोठ्या माणसानेच उचलायचं. ते मुलांनी उचललं तर भाजेल.

खडूफळा
बाकांचा माझा आक्षेप प्राथमिकपुरता मागे घेतो, माध्यमिकसाठी कायम आहे. पण सगळ्यांनाच विचारतो, मास्तरांचं काय? तिथला शिक्षक मुलांसोबतच जेवतो, वाढपावर लक्ष ठेवतो आणि लगेच सफाईत उभा राहतो, त्यामुळे त्याला दुपारची सुट्टी अशी मिळतच नाही. तिथल्या शिक्षकांच्या लांब कामाच्या तासांवर वर्षानुवर्षं चर्चा चालू आहे. 2023 च्या शैक्षणिक वर्षात आजारपण किंवा पैशांची अडचण हे कारण नसताना वर्षभरात 30 किंवा जास्त दिवस शाळेत न गेलेली तिथली प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक मुलं 3 लाख 40 हजारांवर होती. चकचकीत वर्गाच्या फोटोत ती दिसत नाहीत. पुढच्या शिष्टमंडळाने सकाळी मुलं गटाने चालत येतात तेव्हापासून फडकी वाळत पडेपर्यंत एकाच वर्गात बसावं, आणि अहवालात रिकामी बाकंही मोजावीत.

निळी शाई
आणि तो तक्ताही जोडा.