फील्ड प्रोजेक्टला गावचा फड घेतला तर चालेल का?

साक्रीकर_पोरगा
एस.वाय. बी.ए., भूगोल. धुळ्यात शिकतो. नव्या धोरणात दोन क्रेडिटचा फील्ड प्रोजेक्ट आलाय. वर्गातले निम्मे जण झेरॉक्सवाल्याकडून मागच्या वर्षीची फाईल आणून नाव बदलणार. मला पांझरा नदीवरच्या आमच्या बंधाऱ्याची फडपद्धत, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घ्यायची जुनी रीत, घ्यायचीय. आजोबा पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी वावरावावरात सोडणारे, होते, लहानपणी त्यांच्यामागे पाटावर हिंडलोय. पण लिहायला बसलो की दोन पानांत संपतं. सर म्हणतात, "संदर्भ काय देणार? आजोबा?"

पाटाचं_पाणी
दे की आजोबा! भो, फड म्हणजे बंधाऱ्याखालच्या रानाचे तीन-चार मोठे तुकडे आणि एका तुकड्यात एका हंगामाला एकच पीक, एवढं पुस्तकात मिळेल. पुढचं विचार. यंदा उसाचा फड कोणता, हे कोणी ठरवलं? शेवटच्या वावराला पाणी पोचलं नाही तर तो कोणाच्या दारात जातो? पाटकऱ्याला मोबदला धान्यात होता की पैशात? विहिरीवर मोटार बसल्यावर फडातून पहिला कोण फुटला? तलाठ्याकडून गावनकाशा घे, त्यावर पाट आणि चाऱ्या (पाटाचे छोटे फाटे) रंगव. पाणी सोडल्यापासून शेवटच्या वावरात किती तासांनी पोचतं ते घड्याळ लावून बघ. दोन पानांची वीस होतील.
आणि सरांना सांग, विश्वेश्वरय्यासुद्धा नोकरीच्या सुरुवातीला १८८४ साली पांझरेच्याच कामावर होते.

रावेरची_ताई
प्रश्नावली आधी छापू नकोस. मी केळीवर केला होता. छापील कागदात "लागवडीची तारीख" असा एकच रकाना. पहिलाच शेतकरी हसला, "नवतीची सांगू का पिलबागेची?" नवती म्हणजे नवी लागवड; पिलबागेला नवी लागवड नसतेच, जुन्या खोडाचंच पिल वाढवतात. शिवाय लागवडीच्या हंगामावरून मृगबाग वेगळी, कांदेबाग वेगळी. चाळीस प्रती वाया गेल्या, मागच्या कोऱ्या बाजूवर नोंदी केल्या.

जुना_धुळेकर
छापील संदर्भावाचून अडत असेल तर धुळ्यातल्याच राजवाडे संशोधन मंडळात जा, १९२७ पासून आहे. वहीपेन ने, डबाही ने. दुपारपर्यंत उठवत नाही.

साक्रीकर_पोरगा
काल घरी गेलो. आजोबांनी अंगणात काडीने चार फड काढले. शेजारचे नाना म्हणाले, तिसरा एवढा मोठा नव्हता. तेव्हापासून दोघांचं भांडण चालू आहे, मी मोबाईलवर रेकॉर्ड करतोय. पंचेचाळीस मिनिटं झाली.