मदत हवी आहे: मागचे व्हील सिलिंडर बदलल्यापासून ब्रेकचं पॅडल खोल जातंय

जुनी डिझेल पिकअप, पुढे डिस्क, मागे ड्रम आणि पाट्यांचं सस्पेन्शन. मागचे दोन्ही व्हील सिलिंडर (ड्रमच्या आत ब्रेक शू बाहेर ढकलणारे) गळत होते, म्हणून शूच्या लायनरसकट नवे टाकले. ड्रम लेथवर घासून घेतले. व्यास ड्रमवर कोरलेल्या मर्यादेच्या आतच आहे. डॉट ३ ऑइल भरून एअर लांबच्या चाकापासून काढली: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. बुडबुडे पूर्ण थांबले. तरी पहिल्या दाबाला पॅडल अर्ध्याखाली जातं, लागोपाठ दोन-तीनदा मारलं की वर येऊन कडक होतं.

इंजिन चालू ठेवून मिनिटभर दाबून धरलं तर खाली सरकत नाही, बाहेर गळतीही नाही. त्यामुळे मास्टर सिलिंडर (पॅडलने ऑइल दाबणारा मुख्य सिलिंडर) गेलाय असं वाटत नाही. (गॅरेजवाल्यांचं पहिलं उत्तर मात्र 'मास्टर बदला' हेच!)

संशय दोन. एक, ड्रम घासल्याने शू आणि ड्रममधला गॅप वाढला. हा गॅप कमी-जास्त करणारे दातेरी अ‍ॅडजस्टर जुनेच आहेत आणि गंजामुळे जड फिरतात. दोन, गाडी टेकवायच्या घोड्या चेसिसखाली होत्या, म्हणजे एअर काढताना अ‍ॅक्सल लोंबकळत होता. अ‍ॅक्सल असा लोंबकळला की लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (अ‍ॅक्सलला दांड्याने जोडलेला, वजनानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा) मागची लाईन आवळतो, त्यामुळे आत एअर राहिली असेल.

अ‍ॅडजस्टर चाक जाम होईपर्यंत आवळून किती दाते मागे घ्यायचे? एअर पुन्हा काढताना घोड्या अ‍ॅक्सलखाली लावणं पुरेसं आहे, की व्हॉल्व्हचा दांडा वर बांधावा लागतो? आणि मागे एक पाटा जास्त टाकलाय, तर त्या दांड्याची लांबी नव्याने लावायची का?