उत्तर: जुन्या चेनसॉची दोरी उलटा झटका देते

जुना चेनसॉ (लाकूड कापायची इंजिनवाली करवत) सुरू करताना दोरी उलटा झटका देते, असा प्रश्न आहे. कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) जास्त असावं, म्हणून सिलेंडरखाली जाड गॅस्केट (सांध्यातला सील) टाका, असं एकाने सुचवलंय. मी म्हणेन, आधी फ्लायव्हील, म्हणजे क्रँकवरचं (इंजिनच्या मुख्य दांड्यावरचं) जड चाक, काढून बघा. मशीन आधी नीट चालत होतं आणि अचानक हँडल हातातून हिसकावू लागलं, तर बहुतेक वेळा टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) सरकलेलं असतं. नट सैल पडला की क्रँकवरची छोटी चावी (फ्लायव्हील जागेवर धरणारा धातूचा तुकडा) अर्धवट कापली जाते आणि फ्लायव्हील जरासं फिरतं. मग पिस्टन पुरता वर पोचायच्या आत ठिणगी पडते आणि क्रँक उलटा फिरतो. काही मॉडेलमध्ये ही चावी फ्लायव्हीलच्याच ॲल्युमिनियममध्ये ओतलेली असते. तिची कड उजेडात धरून नीट बघा, चेपलेली असेल तर फ्लायव्हीलच बदला. काढताना पुलर (खेचून काढायचं हत्यार) वापरा, क्रँकवर हातोडा नको. बसवताना क्रँकचा निमुळता भाग कोरडा, स्वच्छ हवा. तेल लावू नका.

पॉइंटवालं (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क असलेलं) मशीन असेल तर त्या पॉइंटमधला गॅपही मोजा. साधारण 0.4 मि.मी. लागतो, वाढला की ठिणगी लवकर पडते.

डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह (सुरू करताना सिलेंडरमधला दाब कमी करणारं बटण) असेल तर दर वेळी दाबाच. आणि कृपा करून, दुरुस्ती होईपर्यंत दोरी बोटांना गुंडाळून ओढू नका, मनगट जाईल.