घरच्यांसाठी लिहिलेला कोड: तुमचे अनुभव सांगा

मंडळी, नोकरीत लिहिलेला कोड कंपनीचा. हा धागा उरलेल्या कोडसाठी: रात्री जेवणं आटोपल्यावर, सुट्टीत गावी आल्यावर, स्वतःसाठी नाहीतर घरातल्या कुणासाठी लिहिलेला. काय केलं, कशात केलं, अजून चालू आहे का, तेवढं मनापासून लिहा. सुरुवात मी करतो.

आमची केळी रावेर तालुक्यात. वडील कापणीचा हिशेब वहीत ठेवतात: तारीख, बाग नवती (नव्या लागवडीची) की पिलबाग (आधीच्या झाडाच्या पिलांची), वजन, जाहीर भाव, हातात पडलेला भाव, माल कुठे गेला. त्यांच्यासाठी वेब ॲप करायला घेतलं आणि दोन महिने लॉगिन, आलेख, रंग यांतच गेले. वडिलांनी एकदा उघडून पाहिलं आणि वहीच पुढे चालवली. मग सगळं बाजूला ठेवून एकच एचटीएमएल पान केलं. वहीतलेच रकाने, मोठी अक्षरं, आणि वडिलांनी मागितलेला एक जास्तीचा रकाना: दोन भावांतला फरक. त्या दिवसापासून ते वापरायला लागले.

मळ्यात रेंज नसते, म्हणून नोंदी फोनच्या ब्राउझरमध्येच, लोकलस्टोरेजमध्ये ठेवल्या होत्या. तिथेच चुकलो. धाकट्या भावाने फोनमध्ये जागा करायला ब्राउझरचा डेटा पुसला आणि कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीच्या, अख्ख्या हंगामाच्या नोंदी गेल्या. सुरुवातीचे दिवस म्हणून वडील वहीही लिहीत होते, म्हणून वाचलो. आठवडाभर बसून लॅपटॉपवर सगळं पुन्हा भरलं. आता घरच्या वायफायवर आलं की नोंदी लॅपटॉपवरच्या एसक्यूलाइटच्या फाइलीत उतरतात. अख्खा डेटाबेस म्हणजे एक फाइल. पेनड्राइव्हवर टाकली की बॅकअप झाला. तिची आजची रचना २००४ पासूनची आहे आणि तेव्हाची फाइल आजही उघडते. शेतीच्या हिशेबाला मला असलंच अवजार हवं होतं.

धुळ्याहून

मी आजीच्या तोंडचे अहिराणी शब्द जमवते. शाळेला ती शाया म्हणते, डोळ्याला डोया. शब्द नऊशेच्या वर गेल्यावर पान केलं, आणि मराठी शब्दांची यादी लावताना अडले. केळी आधी आणि केवडा नंतर येत होता. जावास्क्रिप्टचं साधं सॉर्ट युनिकोडच्या, म्हणजे संगणकाने प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकाच्या, क्रमाने चालतं, आणि तिथे ळ बसतो ल च्या लगेच पुढे. आपल्या वर्णमालेत त्याची जागा ह च्या नंतर. शेवटी वर्णक्रम हाताने लिहून दिला, क्ष आणि ज्ञ सकट, आणि तुलना त्यावरून करायला लावली.

शोधाची गंमत वेगळीच. मराठी माणूस शाळा टाइप करणार, यादीत आहे शाया. म्हणून शोधताना ळ आणि य एकच धरले. त्यामुळे थोडे नको ते शब्दही वर येतात, पण ते चालतं; आजीचा शब्द न सापडणं मला चालत नाही. आता तीच फोन करून सांगते, आज एक नवा आठवला, लिहून घे.

शहाद्याहून

माझी साधी साइट आहे, प्रवासाच्या टिपणांची. टिपणांची पानं बनवणारा प्रोग्रॅम, म्हणजे जनरेटर, अपडेट केला आणि थीम मोडली, दोनदा. आता त्या प्रोग्रॅमची चालणारी प्रतच टिपणांशेजारी जपून ठेवलीय. चार वर्षं हात लावलेला नाही.

अमळनेरहून

वडील शिक्षक होते. त्यांचे लेख जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले. त्या फॉन्टशिवाय फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. पायथनमध्ये कन्व्हर्टर लिहिला. वाटलं, अक्षरामागे अक्षर बदललं की झालं. पण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, जशी दिसते तशी. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर. रफाराचं नेमकं उलटं. जोडाक्षर आलं की वेलांटी किती अक्षरं ओलांडून न्यायची, यात एक महिना गेला.

सगळं झाल्यावर ‘शेतकऱ्यांचे’ शोधलं, तर निम्मेच लेख आले. अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली टिंबवाला ऱ आणि हलंत. दुसरा, साधा र, हलंत आणि पुढे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. डोळ्याला एकच, यंत्राला दोन. एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायची युनिकोडची पद्धत, नॉर्मलायझेशन, लावूनही हे दोन एक होत नाहीत, स्वतः एका रूपात आणावे लागतात. मी टिंबवाला ठेवला. वडिलांचे एकशे बारा लेख आता शोधता येतात, आणि त्यांनी लिहिलेला एकही शब्द मी बदललेला नाही.

भुसावळहून

नवरा रेल्वेत, ड्युटी कधी रात्री कधी पहाटे. त्याच्या ड्युटीचा तक्ता साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवते, बदलांचा इतिहास गिट या साधनात. बारा ओळींची स्क्रिप्ट क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालते आणि मुलांना संध्याकाळी एक ओळ जाते: बाबा उद्या घरी आहेत की नाहीत. माझं सगळ्यात लहान काम, आणि घरात सगळ्यात जास्त वाचलं जाणारं.

पुन्हा मी, रावेरकर

अमळनेरचा अनुभव वाचून तसाच उठलो आणि आमची फाइल तपासली. ‘माल कुठे गेला’ मध्ये बऱ्हाणपूर दोनदा निघालं, अर्धा र दोन प्रकारांनी लिहिलेला. लॅपटॉपवर भरलेलं एक, फोनवरून आलेलं दुसरं. तिकडे माल कमी गेला असं मी वडिलांना सांगत होतो, आणि ते म्हणत होते, तुझा आकडा चुकतोय. दोन्ही एक केले. बेरीज वहीशी जुळली.