मदत हवी आहे : मुलीची सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्याची थेरपी) चालू आहे, पण घरी मीच ढिली पडते

माझी मुलगी नऊ वर्षांची. जूनपासून शाळेची वेळ झाली की पोटात दुखतं, मळमळतं. रविवारी काही नाही. सोनोग्राफी, रक्त सगळं नॉर्मल आलं. बालरोगतज्ज्ञांनीच क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. निदान झालं सेपरेशन अँक्झायटीचं, म्हणजे जवळच्या माणसापासून दूर होण्याच्या भीतीचं. ती शाळेत असताना मला काहीतरी होईल, ही भीती तिच्या मनात बसली आहे.

पाच सेशन झाली. भीतीला ० ते १० गुण देऊन आम्ही शिडी केली. खालची पायरी, मी फोन घरी ठेवून दहा मिनिटं वाण्याकडे जायचं. सगळ्यात वरची, तिने मामाकडे रात्रभर राहायचं. तीन पायऱ्या झाल्या.

अडलंय एका प्रश्नापाशी. "आई, न्यायला नक्की येशील ना?" सकाळपासून वीसदा तरी. थेरपिस्ट म्हणतात, एकदाच उत्तर द्या. ती रडते, सासूबाई म्हणतात लेकराचा जीव टांगणीला लावू नये, आणि मी पुन्हा "हो गं" म्हणते. यात तिचं नुकसान होतंय का? गोळ्यांचाही विषय निघालाय, त्याची धास्ती वाटते.

प्रतिसाद :
ताई, आमचा मुलगा यातून गेलाय. "हो" ऐकून त्याला पाच मिनिटं बरं वाटायचं, म्हणूनच तो परत विचारायचा. भीती आपोआप उतरते हे त्याला कळायलाच मिळत नव्हतं. पण उत्तरं एकदम बंद करू नका. आम्ही सकाळी पाच चिठ्ठ्या द्यायचो, एका प्रश्नाला एक. दर आठवड्याला एक कमी. उरलेल्या चिठ्ठीची रात्री एक जादा गोष्ट. आजीला मात्र सेशनला न्याच. आमच्याकडे खरा फरक तिथून पडला.

गोळ्यांचं म्हणाल, तर अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवरचा मोठा अभ्यास २००८ मध्ये आला. १२ आठवड्यांनी नुसत्या सीबीटीने सुमारे ६० टक्के मुलं सुधारली, नुसत्या सर्ट्रालिन या चिंतेवरच्या गोळीने ५५, दोन्ही मिळून ८१; औषध नसलेल्या गोळीवर २४. त्यामुळे डॉक्टरांनी सुचवलं तर घाबरून लगेच नाही म्हणू नका, बालमनोविकारतज्ज्ञांशी नीट बोला. आणि शाळा बुडवू देऊ नका, अर्धा दिवस का होईना पाठवा.

धागाकर्ती :
चिठ्ठ्या आजच करते. बुधवारी सासूबाईंनाही नेते. एकच सांगा, चिठ्ठ्या संपल्यावर तो रडला की तुम्ही काय करायचात?

प्रतिसाद :
शेजारी बसायचे. हात धरून, पण उत्तर न देता. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं लागली.