मोर्डहाऊमध्ये चिलखतावर किती पॉइंट घालावेत?

प्यादे

गेले चार महिने मी ‘मोर्डहाऊ’ हा मध्ययुगीन हत्यारांच्या लढाईचा ऑनलाइन व्हिडिओ गेम खेळत आहे. हा खेळ 2019 च्या एप्रिलमध्ये आला आणि मी फार उशिरा त्याच्याकडे वळलो, त्यामुळे समोर येणारा जवळजवळ प्रत्येक जण मुरलेला असतो. लोडआउटसाठी, म्हणजे लढाईत न्यायच्या साऱ्या सामानासाठी, जे 16 पॉइंट मिळतात, त्यांतच हत्यार, ढाल, पर्क (खास कौशल्ये) आणि चिलखत हे सारे बसवावे लागते. डोके, धड आणि पाय या तीन ठिकाणी शून्य ते तीन अशा श्रेणी आहेत. मी आजवर तिन्हीकडे तिसरी श्रेणी घेत आलो. तरीही टिकाव लागत नाही, आणि चांगल्या हत्यारासाठी पॉइंट उरत नाहीत ते वेगळेच. मी बहुतेक वेळा फ्रंटलाइनमध्ये, म्हणजे 64 जणांच्या सांघिक लढाईत, असतो आणि पुण्याहून खेळताना पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन येण्याचा विलंब) 110 ते 130 मिलिसेकंद राहतो. चिलखताची श्रेणी वाढवण्याचा खरोखर किती उपयोग होतो आणि कपात करायची झाल्यास ती कुठे करावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ऐरण

चिलखताकडे ‘मार किती टक्के कमी होतो’ अशा नजरेने पाहणे सोडून द्यावे, ही माझी पहिली विनंती. आपण पाहायचे ते एवढेच, की मरायला किती घाव लागतात. आपल्याजवळ 100 प्राण असतात. समजा एका श्रेणीत एखाद्या तलवारीचा घाव 65 चा बसतो आणि वरच्या श्रेणीत तोच 50 चा बसतो, तर कागदावर फरक मोठा दिसला तरी दोन्ही वेळा आपण दुसऱ्या घावालाच पडतो, म्हणजे त्या तलवारीपुरते ते पॉइंट वाया गेले. याउलट 50 चा घाव 49 वर आला, तर तिसरा घाव लागतो, आणि त्या एका गुणाच्या फरकाने आपल्याला एक वार अडवण्याची किंवा उलटा वार करण्याची आणखी एक संधी मिळते. सुधारणेची किंमत या पायऱ्यांवर ठरते.

प्रत्येक हत्याराचा डोके, धड आणि पाय यांवरचा मार श्रेणीनुसार किती, हे हत्यार निवडण्याच्या पानावरच दिलेले असते. ज्या चार-पाच हत्यारांनी आपण सर्वाधिक वेळा मरता, त्यांचे आकडे तिथून वहीत उतरवून घ्या. मी घेतले होते आणि त्या एका संध्याकाळी जे समजले ते आधीच्या शंभर तासांत समजले नव्हते. प्रत्येक हत्याराच्या पायऱ्या वेगळ्या असतात. मॉलसारखा अजस्र हातोडा तिसऱ्या श्रेणीच्या शिरस्त्राणालाही एका घावात चिरडतो, तेव्हा केवळ त्याच्या भीतीपोटी डोक्यावर पॉइंट ओतण्यात अर्थ नाही. रेपियरसारखे बारीक हत्यार मात्र जाड धडापुढे फार केविलवाणे ठरते.

आपल्या बाबतीत मी डोक्याला तीन, धडाला तीन आणि पायांना एक किंवा शून्य सुचवेन. अनुभवी खेळाडू वार ओढून मुद्दाम डोक्याकडे नेतात, आणि गर्दीत आडवे फिरणारे वार बहुतांशी धडावर येतात. शिवाय आपल्याच बाजूच्या लोकांचे वारही आपल्याला लागतात, ही या खेळाची रीतच आहे. फ्रंटलाइनमध्ये मी शत्रूपेक्षा मित्रांसाठी चिलखत घालतो, असे म्हटले तरी चालेल.

चिंचोळी वाट

ऐरण यांचे गणित मला मान्य आहे, परंतु त्यांनी वजनाला हिशेबात धरलेले नाही. चिलखत जड झाले की पळण्याचा वेग कमी होतो, आणि या खेळात वेग हेसुद्धा एक संरक्षणच आहे. दोघांनी घेरल्यावर जड माणूस मागे सरून दोघांना एका रेषेत आणू शकत नाही. हलका खेळाडू केव्हा लढायचे हे स्वतः ठरवतो, जड खेळाडूसाठी ते समोरचा ठरवतो. मी डोक्याला दोन, धडाला एक, पायांना शून्य एवढ्यावर वर्षभर खेळलो आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. मात्र मी मुख्यतः एकास एक द्वंद्वे खेळतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

ऐरण

द्वंद्वाबद्दल आपले म्हणणे खरे आहे. पण प्रश्नकर्त्यांचा पिंग पाहा. 120 च्या पिंगवर हूल ओळखून वेळेवर हात थांबवणे कठीण जाते, कारण समोरच्याच्या तलवारीची दिशा बदललेली आपल्याला दिसते तेव्हा ती बरीच जवळ आलेली असते. अशा खेळाडूला चार घाव जास्तीचे बसणारच, आणि ते सोसण्याची तरतूद चिलखतानेच करावी लागते. पिंग 40 असता तर मीही त्यांना हलके व्हायला सांगितले असते.

प्यादे

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आणखी एक शंका आहे. माझा मावसभाऊ ‘शिव्हलरी 2’ घेण्याचा आग्रह करत आहे आणि तिथे चिलखतांचे दुकान फार मोठे आहे म्हणतो. तिथेही हाच हिशेब लागू पडतो का? शिवाय महागडी चिलखते मोर्डहाऊमध्ये अधिक टणक असतात का, हेही कळले तर बरे होईल.

पडवीतला दिवा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: नाही. मोर्डहाऊमध्ये एकाच श्रेणीच्या सगळ्या वस्तू सारखेच संरक्षण देतात, मग ती पहिल्या दिवशी मिळालेली असो वा हजारो नाणी मोजून घेतलेली.

‘शिव्हलरी 2’ हा खेळ 2021 च्या जूनमध्ये आला आणि त्यात दुकानातले चिलखत केवळ दिसण्यापुरते आहे. संरक्षण आपण निवडलेल्या योद्ध्याच्या वर्गावर ठरते: नाइटला 175 प्राण आहेत, तर व्हॅनगार्डला 130. नाइट जड असल्याची परतफेड अशी, की गदा, हातोडा यांसारखी ठोक्याची हत्यारे त्याला जास्त लागतात. भाऊंना सांगा, तिथे पैसे घालवायचेच असतील तर हौस म्हणून घालवा.

चिलखताची खरी किंमत मला शिकवली ती 2010 च्या ‘वॉरबँड’ या अशाच लढायांच्या खेळाने. तिथे सामन्यात मिळालेल्या सोन्यातून चिलखत विकत घ्यायचे आणि मेल्यावर परत घ्यायचे, त्यामुळे प्रत्येक मरणाचा हिशेब खिशात दिसायचा. कापणाऱ्या वाराला जाड चिलखत उत्तम रोखते, पण भोसकणारा किंवा ठोकणारा वार बराचसा आत जातो. समोरचा संघ भाल्यांवर आणि क्रॉसबोवर उतरला, की आम्ही महागडे चिलखत सोडून ढाल घ्यायचो.

लोखंडी खडू

पायांबद्दल थोडे विषयाला धरूनच अवांतर. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पंधराव्या शतकातल्या घडणीची चिलखते घातलेल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवले होते. चालण्याची ऊर्जा नेहमीपेक्षा दुपटीहून थोडी अधिक लागली. ते वजन पाठीवर बांधले असते तर एवढी लागली नसती, कारण पायांवरचे लोखंड प्रत्येक पावलाला उचलून पुढे न्यावे लागते. त्या काळचे साधे पायदळ डोक्यावर लोखंडी टोप आणि अंगात जाड भरीव जाकीट घाली, पण पाय पुष्कळदा उघडेच ठेवी. प्रश्नकर्त्यांनी पायांचे पॉइंट काढून घेतले, तर त्यामागे बरीच जुनी परंपरा आहे.

प्यादे

दहा दिवसांनी लिहीत आहे. डोके तीन, धड तीन, पाय शून्य असे केले आणि उरलेल्या पॉइंटांत मॉल बसवला. वहीत सात हत्यारांचे आकडे उतरवले. त्यांतल्या तिघांविरुद्ध धडाची तिसरी श्रेणी एक जास्तीचा घाव देते आणि दोघांविरुद्ध काहीच देत नाही. मरणे फारसे कमी झालेले नाही, पण आता मरण्यापूर्वी निदान एकाला घेऊन जातो. काल मात्र पायांवर तीन वेळा मेलो आणि तिन्ही वेळा वार करणारा आमच्याच बाजूचा होता.